चौथीपर्यंतच्या रेघा

लोक लंडनला जाऊन येतात आणि पुढे सहा महिने तेच सांगत बसतात. मी मुलुंडहून कांदिवलीला गेले आणि चार दिवसांनी परत आले, एवढाच माझा प्रवास. यात लिहिण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. पण मी राहिले ते घर लंडनच्या आर्किटेक्टांनी बांधलंय, अगदी त्यांच्या आताच्या पद्धतीने. तिथे जे झालं ते शेजारच्या बायकांना तोंडी सांगायला गेले तर दोन वाक्यांत गाडी अडते. म्हणून लिहून बघते.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी चाळीस वर्षं एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढले. आर्किटेक्ट साहेब रेघ मारायचे आणि ती भिंतीत बसते की नाही हे मी बघायचे. भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला झोप येते. लग्न केलं नाही. बहीण गेली तेव्हा तिची प्राजू नऊ वर्षांची होती. तिचे वडील फिरतीवर असायचे, म्हणून मी तिला मुलुंडला आणलं आणि वाढवलं. ती आता कांदिवलीला नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर राहते. मार्चमध्ये तिचा फोन आला.

"मावशी, चार दिवस ये ना गं. बुधवारी ईराचा वाढदिवस आहे."

"वाढदिवसाला एक दिवस पुरतो की. चार कशाला?"

"ये ना."

एवढंच बोलून ती गप्प बसली. प्राजू फोनवर गप्प बसणारी मुलगी नाही. मी बॅग भरली.

रविवार

लिंक रोडच्या बसने अर्धा रस्ता आणि पुढे रिक्षाने. रिक्षावाला गेटबाहेरच थांबला, कारण गाड्या आत जातच नाहीत. आत सगळी विटांची इमारत, सात मजली, मधे मोठं अंगण आणि चारी बाजूंनी खोल व्हरांडे. आमच्या मुलुंडच्या नव्या टॉवरांसारखी काच नावालाही नाही. पश्चिमेच्या खिडक्या लहान, त्यांच्यापुढे मातीच्या जाळ्या. गच्चीवर चार उंच धुराडी आहेत, पण ती धुराची नाहीत, वाऱ्याची. घरातली गरम हवा त्यांतून वर ओढली जाते, म्हणून एसी लागत नाही. खरं सांगते, मला हेवा वाटला. आमच्या साहेबांना असलं काही सुचलं नव्हतं.

मग अंगणात उभी राहिले आणि पायाखाली पाणी ठिबकल्याचा आवाज आला. फरशीखाली पावसाच्या पाण्याची मोठी टाकी आहे, वॉचमनने सांगितलं. कळलं तरी मी बाजूला सरकले.

"कोणाकडे?" त्याने विचारलं.

"तिसरा मजला, सावंत."

"परबांचं दार," तो म्हणाला, आणि जिन्याकडे बोट दाखवलं.

वर गेल्यावर कळलं. या इमारतीतलं एकही दार नवीन नाही. मुंबईतल्या पाडलेल्या चाळींमधून सागवानी दारं, चौकटीसकट आणून बसवली आहेत, आणि जुन्या घरवाल्यांच्या नावानेच ती ओळखली जातात. प्रत्येक दाराचा रंग वेगळा आणि उंची थोडी थोडी वेगळी. कुठे जुन्या पाटीच्या जागी फिकट चौकोन, कुठे तोरणाचे पाच खिळे. एका दाराला खालच्या अंगाला कुत्र्याच्या नखांचे ओरखडे होते. त्या घरात कुत्रा कधीच नव्हता म्हणे. शेजारी शहा कुटुंब राहतं, कांदासुद्धा न खाणारं. हवा दमट झाली की त्यांच्या दाराला तळलेल्या बांगड्याचा वास येतो. शहाबाई रोज लिंबाने दार पुसतात.

प्राजूने घावणे केले होते. खाऊन झाल्यावर तिने मला बाहेरच्या दाराशी नेलं आणि चौकटीच्या आतल्या अंगाला बोट लावलं.

पेन्सिलच्या चार आडव्या रेघा होत्या, एकावर एक. प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. खालच्या तीन पट्टीने मारल्यासारख्या सरळ. चौथीची तिरकी, मधे हललेली. त्यावर काहीच नाही.

"कोणाच्या तरी मुलाची उंची आहे," मी म्हटलं. "त्यात काय?"

"ईरा सहाची झाली तेव्हा गंमत म्हणून उभी केली. पहिलीच्या रेघेवर बरोब्बर डोकं. सातव्या वाढदिवसाला दुसरीची रेघ. मागच्या वर्षी तिसरीची. केसभर खाली नाही, वर नाही." तिने बोट वरच्या कोऱ्या लाकडावर नेलं. "बुधवारी ती नऊची होते. चौथीत आहे. आणि चौथीनंतर रेघच नाही गं मावशी."

मी हसायला तोंड उघडलं. तेवढ्यात ईरा आतून आली आणि आपण शेजारच्या मुलाबद्दल बोलावं तसं म्हणाली, "तो पाचवीत गेलाच नाही."

मला हसू आलं नाही.

सोमवार

या घराची आणखी एक खोड. दिवे माणूस हलला की लागतात आणि हलायचा थांबला की विझतात. वीज वाचते. सकाळी मी संडासात बसले आणि दोन मिनिटांत काळोख. हात हलवत बसावं लागलं. नीलेश, म्हणजे जावई, म्हणाला, "मावशी, तुम्ही स्वस्थ बसलात की घराला वाटतं आत कोणी नाहीच." तो हसत होता. हा मुलगा सगळंच हसण्यावारी नेतो. रेघांवर त्याचं म्हणणं, रंग मारून टाकू. पण जुन्या लाकडाला रंग लावायचा नाही असा इथला करार आहे. शिवाय प्राजू म्हणते, रंगाखाली त्या असणारच. गावाहून नीलेशच्या आईने फोनवर देवाला गाऱ्हाणं घालायला लावलं. जागेवाल्याच्या, म्हणजे जागेच्या राखणदाराच्या, नावाने नारळही ठेवून झाला. पुढच्या वाढदिवसाला रेघ पुन्हा जुळली.

दुपारी इलेनर आली. ज्या लंडनच्या ऑफिसने हे बांधलं तिथली ही आर्किटेक्ट, पस्तिशीतली, सुती कुर्त्यात, चेहरा उन्हाने लाल. आमच्याकडे इमारत एकदा लोकांच्या ताब्यात दिली की आर्किटेक्ट त्या गल्लीतून जायचंसुद्धा टाळतो. ही बाई दर वर्षी येते, घरोघर बसते आणि विचारते: उकडतं का, आवाज येतो का, हे घर तुम्हाला आपलं वाटतं का. प्राजू चार वर्षं सगळ्याला "छान" म्हणत आली आहे.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिच्याशी बोलले. दोघींचा धंदा एक, त्यामुळे अडलं नाही. ती म्हणाली, त्यांच्याकडे आता उभी इमारत पाडायला लोक कचरतात. नवं सिमेंट, नवं लोखंड बनवायचं म्हणजे हवेत किती धूर सोडायचा. जे आहे ते वापरा.

"मग त्या चाळी पाडल्याच ना," मी म्हटलं.

"त्या आम्ही वाचवू शकलो नाही. दारं तरी वाचवली." तिने हे मान खाली घालून सांगितलं. मला ती आवडली.

प्रत्येक चौकटीला पितळेची बारीक पट्टी आहे. तिच्यावरच्या आकड्यावरून इलेनरच्या यादीत त्या लाकडाचा सगळा ठावठिकाणा सापडतो. तिने लॅपटॉप उघडला. घाटकोपर पूर्व, गोमती निवास, खोली अकरा, चाळ पाडेपर्यंत भाडेकरू परब. दार काढण्याआधीचा फोटोही होता. रिकामी खोली, उखडलेली मांडणी, भिंतीवर तसबिरीच्या जागी पांढरा चौकोन. आणि दारात चांगला चार बोटं उंच उंबरठा.

मी तिथेच अडकले. प्राजूच्या दारात उंबरठा नाही. "हा कुठे गेला?"

इलेनर म्हणाली, चाकाची खुर्ची जावी म्हणून सगळ्या घरांत जमीन सपाट ठेवली. उंबरठे काढले आणि प्रत्येक चौकट खालून तेवढी कापली.

माझं डोकं चाललं. चौकट चार बोटं कापली म्हणजे रेघा चार बोटं खाली आल्या. मुळात तो मुलगा दर वर्षी ईरापेक्षा चार बोटं उंच होता. जुळतंय ते निव्वळ सुताराच्या करवतीमुळे. मी प्राजूला हाताला धरून नेलं, टेप लावून दाखवलं, कागदावर आकृती काढून दिली. मला स्वतःचाच फार अभिमान वाटत होता.

प्राजू ऐकत होती. चेहरा क्षणभर सैल पडला. मग ती हळू म्हणाली, "म्हणजे तिच्याशी जुळावं म्हणून चौकट कापून घेतली."

"कोणी कापून घेतली? काहीही काय बोलतेस?"

"मी कुठे म्हणते कोणी. कापली गेली ना."

चार वाजले होते. या वेळेला खाडीवरून वारा सुटतो आणि गच्चीवरची धुराडी ओढ घेतात. आधी वर एक लांब हुंकार येतो. मग चाळीसच्या चाळीस दारं आपापल्या चौकटीत किंचित दबतात, बाहेरून कोणी पाठ टेकावी तशी. प्रत्येकाचा आवाज वेगळा. इथल्या लोकांना सवय झाली आहे. मला भीती वाटली, सांगून टाकते. चाळीस वर्षं नकाशे काढलेल्या बाईला, दिवसाढवळ्या.

संध्याकाळी पॅसेजमध्ये गेले तर काळोख. मी पाऊल टाकल्यावर दिवा लागला आणि प्राजू दिसली. चौकटीला पाठ लावून उभी होती, इतकी स्वस्थ की दिवा विझून गेला होता.

"त्याचं काय झालं ते मला कळायला हवं," ती म्हणाली. "बुधवारच्या आत."

मंगळवार

मी एकटीच निघाले. प्राजू येते म्हणाली, पण मी नको म्हटलं. वाईट काही निघालं तर ते आधी मला कळावं, मग बघता येईल.

घाटकोपरला मेट्रोने उतरले. गोमती निवासच्या जागी बावीस मजले उभे आहेत, खाली चार मजले नुसत्या गाड्या. कोपऱ्यावर गिरणीवाला मात्र जुना होता. पीठ झटकत म्हणाला, "अकरा नंबर परब ना? मिलवाल्या परबांचा बाळू. तो कुर्ल्याला गेला, नेहरूनगर. मिक्सर रिपेरिंगचं दुकान आहे."

"मुलगा होता ना एक? लहानपणी..." मला पुढे विचारवेना.

"तोच तो बाळू. एकुलता एक."

रिक्षात बसल्यावर मी मोठ्याने हसले, रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मुलगा जिवंत होता. मिक्सर दुरुस्त करत होता. म्हटलं, आता फोन करते प्राजूला. मग वाटलं, डोळ्यांनी बघून घेऊ आधी.

बाळू परब पन्नाशीचे, पोट सुटलेले, कपाळावर चष्मा. दुकानभर मिक्सरची भांडी. मी कुठून आले, कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"चौकट हा अजून?" मालवणीवर येऊन ते म्हणाले. "बसा. चाय सांगतंय."

मी मोबाइलवरचा रेघांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिले. पहिल्या तीन रेघांवरून अंगठा फिरवला, चौथीवर आणला नाही.

"तुमची उंची चांगली होती हो," मी म्हटलं. कापलेल्या चार बोटांचा हिशेब मला अजून सोडवत नव्हता. "जमिनीपासून धरली तर."

"जमिनीपासून कशी? उंबऱ्यावर उभो करी ना आवस. एरवी उंबऱ्यार पाय दिलो तर पाठीत धपाटो. पण वाढदिसाक ओवाळून झाला की तिथंच उभो करी. म्हणे, आज एक दिस चलता."

आवस म्हणजे त्यांची आई. मी चहाचा ग्लास खाली ठेवला. रेघा चौकटीच्या आतल्या अंगाला आहेत. तिथे पाठ लावायची तर पाय उंबरठ्यावरच येणार, दुसरी जागाच नाही. हे नकाशावर पहिल्या वर्षाच्या पोराला दिसलं असतं. मला दिसलं नाही, कारण आपल्यात उंबरठ्यावर कोणी उभं राहत नाही आणि राहील असं मनातही येत नाही. उंबरठ्यावरून मोजलं आणि उंबरठाच काढून टाकला, म्हणजे उंची जशीच्या तशी उरली. बाळू परब आणि माझी ईरा एकाच मापाचे होते. माझी आकृती गेली पाण्यात.

"मग चौथीनंतर का नाही मोजलं?" मी विचारलं. उत्तर नको होतं, पण विचारलं.

"शेवटची वाकडी हा ना?" ते फोटोकडे न बघता म्हणाले. "उठाक होयना तिका. बापाशीन धरून उभी केल्यान. माका म्हणता, हलू नको रे बाळू, आणि स्वतःच हलता." त्यांनी एक भांडं उचललं, पुसलं, परत ठेवलं. "म्हयन्याभरान गेली. मगे कोण मोजतला?"

दुकानात मिक्सर चालू करून बघायला एक बाई आल्या होत्या. त्यांचं काम होईपर्यंत मी बसून राहिले. निघताना परबांनी विचारलं, त्या घरातली पोरगी केवढी आहे. मी म्हटलं, उद्या नऊची होईल. ते म्हणाले, "तिच्या आवशीक सांगा, रेघ बरी काढ म्हणान."

परतीच्या वाटेवर मी दोन बस सोडल्या. मुलाला काही झालं नव्हतं. रेघ काढणारा हात थांबला होता. ईराची काळजी करत प्राजू दोन-तीन वर्षं झुरली, आणि चौकट बोट दाखवत होती ते तिच्याचकडे, आईकडे. छे, चौकट कसली दाखवते, लाकूड ते. असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं कोण जाणे. पण खोटं का बोलू, त्या बसस्टॉपवर मला ते पटत नव्हतं. शेवटी ठरवलं, खोटं सांगायचं.

बुधवार

सकाळी नीलेश गजरे आणायला गेला, ईरा आंघोळीला. मी प्राजूला स्वयंपाकघरात गाठलं. ती वालाचं बिरडं फोडणीला टाकत होती.

"मुलगा जिवंत आहे. पन्नाशीचा आहे, पोट सुटलंय, मिक्सर दुरुस्त करतो. चौथीत असताना त्यांनी घर बदललं, म्हणून रेघा थांबल्या. झालं तुझं समाधान?"

तिने गॅस बारीक केला. डोळे पुसले, हसली. मग हसता हसता थांबली.

"इलेनरच्या यादीत तर चाळ पाडेपर्यंत परबच होते."

मी डब्यांची झाकणं लावू लागले.

"मावशी. त्याची आई?"

खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. माझ्या तोंडाकडे बघूनच तिने ओळखलं. मला वाटलं आता ही खाली बसेल. ती बिरडं ढवळत राहिली.

"आमच्या जुन्या घरी मोरीच्या दारावर होत्या माझ्या," ती म्हणाली. "आई खडूने काढायची. माझ्यापण चौथीपर्यंतच आहेत."

हे मला माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं ही मुलगी माझी, आणि मला माहीत नव्हतं. बहिणीच्या सामानाची आवराआवर मीच केली. घरमालकाच्या हातात किल्ली देण्याआधी ते दार मीच ओल्या फडक्याने पुसलं असणार. मुलुंडला आणून तिला जेवूखाऊ घातलं, शाळेत घातलं, तापात रात्री काढल्या. एकदाही तिला दाराशी उभी करून मोजली नाही. सुचलंच नाही मला. फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला तिथेच सांगितलं.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "पण पाचवीत गेले ना मी. मोजलं नाही तरी गेले."

संध्याकाळी औक्षण झालं. ईरा नवीन फ्रॉकमध्ये चौकटीला पाठ लावून उभी राहिली, टाचा टेकवून, श्वास धरून. प्राजूने डोक्यावर पट्टी ठेवली. पट्टी चौथीच्या रेघेवर आली. केसभर वर नाही, खाली नाही. नीलेशसुद्धा हसला नाही. प्राजूने पेन्सिल टेकवली आणि वर गच्चीवर धुराड्यांनी ओढ घेतली, चारची वेळ केव्हाच टळून गेली होती तरी. चौकट दबली. प्राजूचा हात हलला. नवी रेघ जुन्या वाकड्या रेघेवरूनच गेली, जिथे ती हलली होती तिथेच हलली.

"हललीस आई," ईरा म्हणाली.

कोणी हलेना, आणि दिवा विझला.

मी हात हलवून दिवा लावला. प्राजूच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "ईरा, बाजूला हो. प्राजू, उभी राहा तिथे."

"मी?"

"तूच. टाचा टेकव. मान सरळ."

छत्तीस वर्षांची बाई, ऑफिसात दहा जणांवर साहेब आहे, मुकाट्याने उभी राहिली. ती माझ्यापेक्षा उंच. स्टूल आणावं लागलं. नीलेशने ते धरलं. तिच्या डोक्यावर पट्टी ठेवली. रेघ काढायचंच माझं काम, चाळीस वर्षं तेच केलं. सरळ आली. तिच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं: पाचवी.

प्राजू वळली, वाचलं, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ईराला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. नीलेश तिला केक कापायला आत घेऊन गेला.

मी मुलुंडला परत येऊन तीन आठवडे झाले. माझ्या घरात दिवे बटणाने लागतात आणि दारं नुसती दारं आहेत, बरं वाटतं. भीती गेली का, तर नाही. रोज संध्याकाळी प्राजूला फोन करते, ती उचलेपर्यंत उभी असते. पुढल्या मार्चमध्ये पुन्हा कांदिवलीला जायचं ठरलंय, पेन्सिलसुद्धा मीच धरणार आहे. त्याच सुमारास इलेनर येईल आणि यादीसाठी चौकटीचा फोटो काढेल. चौथीनंतर एकाच वर्षात एवढं उंच कोण झालं, असं ती नक्की विचारेल. ते तिला प्राजूने सांगावं, मी शेजारी उभी राहीन.